पुरिंगचं नको

पुरिंगला कुणी काही देऊ केलं की ती नको म्हणते. पुन्हा विचारलं की पुन्हा नको म्हणते. तिसऱ्यांदा विचारलं की, अगदी नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून, "बरं, एवढा तुमचा आग्रहच आहे तर" म्हणते आणि घेते. यात तिचं एकटीचं असं काही नाही. फिलिपिन्समधल्या आमच्या अतिमोनानात सगळेच तसे. पहिल्या हाकेला हात पुढे करणाऱ्याला आम्ही हावरट म्हणतो आणि एकदाच विचारून गप्प बसणाऱ्याला कंजूस. दोन्ही बाजूंना ही रीत पाठ असली की कुणाचं काही अडत नाही. एका बाजूला पाठ नसली तर मात्र एखाद्याचं आयुष्यभराचं काहीतरी हुकतं.

सहा भावंडांत ती थोरली. थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, पण हिला सगळी गल्लीच आते पुरिंग म्हणते, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. लग्न केलं नाही. पाच भावंडांना वाढवलं, चौघं कुठेकुठे निघून गेली, पाचवा तोतोय बायकोपोरींसह घरातच राहिला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, नानाय, खिडकीजवळच्या खुर्चीत असते आणि तिथून घर चालवते, म्हणजे बोलते. पुरिंग रोज पहाटे उठून सुमान करते. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचे, केळीच्या पानात गुंडाळायचे, पानाच्याच दोरीने बांधायचे आणि पुन्हा दोन तास उकडायचे. उजाडता उजाडता टोपली घेऊन विकायला दारात बसायचं. त्रेसष्ट वर्षांच्या बाईने किती पानं गुंडाळावीत याला काही सीमा असावी, पण ती कुणी घातली नव्हती. थकवा पाहुण्यासारखा येतो आणि जातो म्हणतात. हिच्याकडे आलेला राहायलाच आला होता.

तिला एकच गोष्ट हवी होती. बागिओला जायचं आणि पांघरूण घेऊन झोपायचं.

हसू नका. आमच्याकडे माणूस जन्मभर चादरीच्या एका कोपऱ्याने पोट झाकून झोपतो, तेही डासांसाठी. जाड पांघरूण अंगावर ओढावंसं वाटावं अशी थंडी उत्तरेला, बागिओच्या डोंगरात. आणि पांघरूण तर घरातच होतं. अकरा वर्षांपूर्वी बहिणीने, लुसने, कॅनडातून पाठवलेल्या भल्यामोठ्या खोक्यातून साबणाच्या वड्या आणि डबाबंद मांसाबरोबर ते आलं होतं. निळं, त्यावर पांढरी हरणं, चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. ते आलं तसं कपाटावर गेलं. चांगली वस्तू वापरली की खराब होते, म्हणून आमच्या घरांतल्या चांगल्या वस्तू न वापरताच म्हाताऱ्या होतात. सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा तोतोयच्या लग्नापासून निघालेलं नव्हतं, उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या तरी.

बागिओची संधी एकदा आली होती. एक्क्याऐंशी साली चर्चमधल्या बायकांची सहल निघाली, तेव्हा पुरिंगला विचारलं. ती नको म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं, ती नको म्हणाली. तिसऱ्यांदा विचारायच्या आत बस भरली. शेजारची बेलेन तेव्हा गेली. येताना सगळ्यांसाठी स्ट्रॉबेरीचा जाम आणि तिथला नावाजलेला एक झाडू घेऊन आली आणि त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षं ती तिथल्या थंडीबद्दल बोलतेय. "तोंडातून धूर निघतो बघ, पुरिंग. बोललं की धूर." आंब्रोसियो सुताराचंही थोडंफार तसंच झालं होतं. त्याने पुरिंगला मागणी घातली, चांगल्या घरच्या मुलीने नाही म्हणायचं असतं म्हणून ती नाही म्हणाली, आणि त्याने पुन्हा विचारायच्या आत नानाय सहा महिने अंथरुणाला खिळली. आंब्रोसियो बेलेनचा नवरा झाला. तो वारला त्यालाही आता पाच वर्षं झाली. गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

यंदा फेब्रुवारीत लुसची मुलगी डार्लीन आली. अठ्ठावीस वर्षांची, विनिपेगमधल्या इस्पितळात नर्स. चार वर्षांची असताना इथून गेली होती. पोरगी गोड. आल्या आल्या सगळ्या मोठ्यांचे हात धरून कपाळाला लावले, नानायच्या पायाशी बसून रडली. भाषाही बरी बोलायची. पण भुवया अगदी अडाणी होत्या. आमच्याकडे अर्धं बोलणं भुवयांनी होतं आणि राहिलेलं ओठांनी. भुवया वर केल्या की हो, ओठ पुढे काढले की तिकडे बघ. तोतोयने ओठांनी पंखा दाखवला तर तिला वाटलं मामा चिडवतोय. आईस्क्रीमचा डबा बघून ती लहान मुलीसारखी हरखली, उघडला तर आत सुकी मासळी. आणि पहिल्याच दिवशी जेवताना ताटलीत कोंबडीचा शेवटचा तुकडा उरला होता, तो तिने सरळ उचलून खाल्ला.

तो तुकडा कुणी खायचा नसतो. तो लाजेचा असतो. सगळे पोट भरलं म्हणतात, तुकडा तसाच राहतो आणि मग स्वयंपाकघरात भांडी घासताना पुरिंग तो उभ्या उभ्या खाते. डार्लीनने तो चावला तेव्हा टेबलावर अळीमिळी गुपचिळी झाली. नानाय तेवढी तोंडाला रुमाल लावून हसली.

रविवारी जेवताना डार्लीन म्हणाली, "तिता, आम्ही गुरुवारी बागिओला चाललोय. मी, मामाच्या दोन्ही मुली. गाडी ठरवलीय. मागच्या सीटवर एक जागा आहे. तुम्ही चला ना."

तिता म्हणजे मावशी. मावशीच्या हातातला चमचा ताटलीवर तसाच थांबला. काळजाने उडी मारली असं म्हटलं तर चालेल, पण त्या वयात उडीसुद्धा जपूनच मारली जाते.

"मी? छे गं," पुरिंग म्हणाली. "मी म्हातारी कुठे तुमच्यात. आणि नानायचं कोण बघणार? तुम्ही पोरी जा, मजा करा."

हे ती तोंडाने म्हणाली. भुवया मात्र केसांपर्यंत गेल्या होत्या. तोतोयला दिसल्या, त्याच्या बायकोला, ग्लेंडाला दिसल्या, भिंतीवर शोभेला टांगलेल्या पुरुषभर उंचीच्या लाकडी चमच्याला आणि काट्यालासुद्धा दिसल्या असतील.

"नानायचं मी बघते की, आते," ग्लेंडा पटकन म्हणाली. वाट मोकळी करून देणं हे तिचं काम होतं आणि ते तिने चोख केलं. आता डार्लीनने दुसऱ्यांदा विचारायचं.

"ओके, तिता," डार्लीन म्हणाली आणि भात वाढून घेतला.

सगळे थांबले. डार्लीनने भातावर रस्सा घेतला. तोतोयने घसा खाकरला. "बागिओला थंडी फार असते म्हणे," तो हवेत म्हणाला.

"हो ना, मी पोरींसाठी स्वेटर आणलेत," डार्लीन म्हणाली.

पुरिंग पाणी आणायला उठली. जग भरलेलाच होता.

सोमवारी तिने कपाटावरून पांघरूण काढलं आणि पिशवीसकट अंगणातल्या दोरीवर टांगलं. डार्लीन पायरीवर कॉफी पीत बसली होती. पुरिंग दोरीशी दहा मिनिटं घोटाळली. ओठ पुढे काढून पांघरुणाकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "याला ऊन द्यायला हवं होतं," ती म्हणाली. "पडून पडून वास येतो. इथे कुठे याचा उपयोग. थंडीच्या गावाला जाणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी."

डार्लीन उठून आली. तिने पुरिंगच्या कपाळावर हात ठेवला. "तिता, तुम्हाला थंडी वाजतेय का? कधीपासून?" आणि आतून तापमापक आणून तोंडात घातला. पुरिंग जिभेखाली काच धरून दोन मिनिटं तशीच उभी राहिली. ताप नव्हता.

दुपारी इस्त्री केल्यावर ती हात न धुता बसून राहिली, कारण गरम हात पाण्यात घातले की शिरा आखडतात आणि म्हातारपणी बोटं थरथरतात. बोटं थरथरायला लागली होतीच, पण नियम तो नियम. ग्लेंडाला ती म्हणाली, "तू बोल ना तिच्याशी. सहज म्हणून. मी सांगितलं असं नको."

ग्लेंडा सहज म्हणून बोलली. "आतेला बागिओ आवडलं असतं हं," ती डार्लीनला म्हणाली.

"मी विचारलं होतं," डार्लीन म्हणाली. "त्या नको म्हणाल्या. मोठ्या माणसाने एकदा ठरवलं की आपण त्याचा मान राखायला हवा ना? नाहीतर आपण त्यांच्यावर जबरदस्ती करतो."

ग्लेंडाने हे स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा पुरिंग बराच वेळ सुकलेल्या पानांच्या दोऱ्या वेगळ्या करत राहिली. मान राखायची ही तऱ्हा तिला नवीन होती. साठ वर्षं सगळ्यांनी तिला ओढून नेलं होतं, ढकललं होतं, कामाला जुंपलं होतं, आणि मान राखायची बुद्धी झाली ती नेमकी यावेळी. मुलीचं काही चुकलं नव्हतं. हेच तर कठीण होतं, कुणावर चिडायची सोय नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी ती दारात ताटली घेऊन बसली होती. बेलेन रस्त्याने चालली होती. "ये जेवायला," पुरिंग म्हणाली. हे म्हणायचंच असतं. समोरच्याने म्हणायचं, "झालंय, चालू दे," आणि पुढे जायचं. बेलेन कधीच पुढे जात नाही. ती आली, पायरीवर बसली आणि पुरिंगच्या ताटलीतला अर्धा मासा काढून घेतला.

"गुरुवारी गाडी चाललीय म्हणे?" तिने आत बघून विचारलं. "जागा आहे का गं पोरी?"

"आहे की," डार्लीन आतून म्हणाली. "येताय का तुम्ही?"

"किती वाजता निघायचं?" बेलेन म्हणाली.

एवढंच झालं. पुरिंगने काटे वेचून मांजराला टाकले. बेलेनचा राग आला, खूप आला, पण त्या रागात खोल कुठेतरी हेवा होता आणि तो तिला रागापेक्षा जास्त लागत होता. मागितलं आणि मिळालं. इतकं सोपं असतं का ते? असेलही. पुरिंगने कधी करून पाहिलं नव्हतं.

बुधवारी ती नानायचे पाय कोमट पाण्यात धूत होती. नानाय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला जायचं होतं."

"नाही हो."

"खोटं."

पुरिंगने टाच घासली. "तुम्हीच शिकवलंत की. चटकन हो म्हणू नये. लोक काय म्हणतील."

"मी पुष्कळ काही शिकवलं," नानाय म्हणाली. "दिवेलागणीनंतर झाडू नये म्हणूनही शिकवलं, ते कुठे ऐकतेस. जाऊन सांग ना तिला तोंडाने."

"आता जागा कुठे आहे."

"होती तेव्हा का नाही सांगितलंस?"

पुरिंगने दुसरा पाय पाण्यातून उचलला. काय सांगणार? मला पाहिजे, हे दोन शब्द तोंडाशी आले की जीभ जड व्हायची. भावांसाठी तिने मागितलं होतं, शाळेत फी माफ करा म्हणून, दुकानात तांदूळ द्या म्हणून, न लाजता. स्वतःसाठी मागायची वेळ आली की मात्र भर बाजारात झगा फाटल्यासारखं वाटायचं. तिने पाय पुसले आणि पाणी झाडांना घातलं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला गाडी दारात आली. बेलेन आधीच मागे खिडकीशी बसली होती, गळ्यात फुगवलेली उशी घालून. पोरी भाजलेल्या लसणाचा भात आणि अंडी खाऊन उठल्या. पुरिंगने वाटेसाठी वीस सुमान बांधले होते, उकडलेली अंडी दिली होती आणि आईस्क्रीमच्या डब्यात तळलेली मासळी. डबा घेताना डार्लीन हसली. आत आईस्क्रीम नसतं एवढं तिला आता कळलं होतं. मग पुरिंग भात घेऊन बसली, कारण सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय ती बसत नाही.

डार्लीन निरोप घ्यायला आली. नानायचा हात कपाळाला लावला, मग पुरिंगचा. "येते, तिता. तुमच्यासाठी काय आणू?"

"काही नको गं. तुम्ही नीट या, बस."

"खोटं बोलतेय ती," नानाय खिडकीजवळून म्हणाली.

डार्लीनला नीट कळलं नाही. "काय, नानाय?"

"खोटं बोलतेय. तिला यायचंय. रविवारपासून यायचंय. तीन वेळा विचारायचं असतं, पोरी. दोनदा ती खोटं बोलते. मीच शिकवलंय तिला. माझी चूक."

डार्लीनचा चेहरा उतरला. तिने पुरिंगकडे बघितलं, मग दोरीवरच्या रिकाम्या जागेकडे, मग पुन्हा पुरिंगकडे. पांघरुणाचं, तापमापकाचं, सगळं एकदम तिच्या लक्षात येत असावं. "तिता, खरंच? तुम्हाला यायचं होतं?"

"छे, छे. नानायचं काय ऐकतेस. वय झालंय तिचं."

"तिता, चला."

"अगं, पण गाडीत जागा कुठे आहे. मागे चौघी कशा मावणार."

"चार काय, पाच मावतात," बेलेन गाडीतून ओरडली. "कॅनडा आहे का हे? सरका गं पोरींनो. मी अर्धं बूड टेकवते."

डार्लीन खाली वाकली. तिने पुरिंगचा भाताचा हात तसाच धरला. "तिता," ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

हे तिसऱ्यांदा होतं. आता "एवढा तुमचा आग्रहच आहे तर" म्हणायचं होतं, सगळ्यांना ते माहीत होतं, तोतोयने मान डोलवायची तयारीसुद्धा केली होती. पण पुरिंगला ते म्हणवेना. ते म्हटलं असतं तर पुन्हा सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर गेलं असतं. तिला खूप लाज वाटत होती, कान गरम झाले होते.

"हो," ती म्हणाली. "मला यायचंय."

ग्लेंडा आत जाऊन पांघरुणाची पिशवी घेऊन आली. "किती जड झालंय हे," ती म्हणाली आणि चेन थोडी उघडली. हरणांच्या घड्यांमध्ये दोन झगे, एक स्वेटर, टूथब्रश आणि गुडघ्याचं तेल. रविवारी रात्रीच भरून ठेवलेलं. ग्लेंडाने चेन लावली आणि बघितलंच नाही असं केलं, तेवढी रीत तिला येते.

पुरिंग अर्ध्या जेवणावरून उठली. दारातून वळून बघितलं तर नानायने खुर्ची टेबलाशी ओढायला लावली होती आणि स्वतःची ताटली फिरवत होती. जेवण चालू असताना कुणी प्रवासाला निघालं की बसलेल्यांनी ताटली फिरवायची, म्हणजे गेलेला सुखरूप पोचतो. चार भावंडांसाठी घरातल्या ताटल्या पुरिंगनेच फिरवल्या होत्या. तिच्यासाठी कुणी फिरवल्याचं तिने पहिल्यांदा बघितलं. तोतोयनेही फिरवली. त्याचा भात सांडला.

दहा तास लागले. बेलेनचं कोपर बरगडीत, एका पोरीचं डोकं खांद्यावर, मासळीचा वास सगळ्यांच्या कपड्यांना. पुरिंग एक क्षणही झोपली नाही. झोप तिने जपून ठेवली होती. डोंगर चढताना काचेवर धुकं आलं. बेलेनने तोंड उघडून हा-हा करून धूर काढून दाखवला. पुरिंगने हळूच एकदा हा केलं. निघाला.

खोलीवर पोचले तेव्हा चार वाजले होते. पोरी बाजारात गेल्या. पुरिंगने पिशवीतून पांघरूण काढलं. अकरा वर्षांत प्लास्टिक कडक झालं होतं, बाहेर ओढताना फाटलं, आणि तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. ती पलंगावर आडवी झाली. पांघरूण नाकापर्यंत ओढलं. जड होतं. गार होतं, मग उबदार झालं. पहाटे उठायचं नव्हतं, पानं भिजत घातलेली नव्हती, खिडकीतून कुणी हाक मारत नव्हतं.

सहाला डार्लीन आली. "तिता, जेवायला चला. गरम सूप आहे."

"नको गं," पांघरुणातून आलं.

डार्लीन आता शिकली होती. "तिता, चला ना. थोडंसं."

"नको."

"तिता, चला. आता मी तिसऱ्यांदा विचारतेय." ती पलंगाच्या कडेवर बसली. "चौथ्यांदाही विचारेन. मला कळलंय आता तुमचं. चला, मी हात धरते."

"अगं, सोड तिला," दारातून बेलेन म्हणाली. तिच्या हातात नवाच झाडू होता. "भुवया बघ ना तिच्या."

डार्लीनने वाकून बघितलं. पांघरुणाच्या काठाच्या वर फक्त कपाळ आणि दोन पांढुरक्या भुवया दिसत होत्या. त्या जराही हलल्या नाहीत.

"ते खरंच नको आहे," बेलेन म्हणाली. "एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकतेय. चल, आपण खाऊन घेऊ."

दोघी जिन्याने खाली उतरल्या. पावलांचा आवाज पुरिंगच्या कानावर आला असता, पण ती झोपली होती.